काळजाचा पोळा

एका राजाची एक लेक होती, गोजरा तिचं नाव. मायाळू फार, आणि हट्टी त्याहून. तिच्या जिभेला एक वर होता, बरं का. ती ज्याला 'थांब' म्हणेल, त्याला ती 'चल' म्हणेपर्यंत थांबावंच लागे.

मग काय झालं, पोळा आला. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यांना न्हाऊ घालतात, पुरणपोळी भरवतात. गोजरा म्हणाली, राबतात ते काय एकटे बैलच? मग तिनं जात्यावरच्या बायकांना थांबवलं. मग भात्यावरच्या लोहाराला थांबवलं. गाव सगळा गप्प झाला. त्या गप्प गावात तिला ऐकू आलं, धक-धक, धक-धक. तिच्याच छातीतून. ठेवा बरं हात, लागतं ना?

"आत कोण राबतंय?" तिनं विचारलं.

ते होतं तिचं काळीज. ते म्हणालं, माझ्या चार खोल्या. अंगभर फिरून दमलेलं, काळपट रक्त उजवीकडं येतं. मूठ आवळावी तसं मी अंग आवळायचं, की ते जातं फुप्फुसांत. तिथं वारा पितं नि लालचुटुक होऊन डावीकडं येतं. पुन्हा आवळायचं, की निघालं शेंडीपासून नखापर्यंत. दारं अशी, की रक्त पुढं जाईल, मागं फिरणार नाही. त्या दारांचाच हा आवाज.

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या पोटात असल्यापासून एकही सुट्टी नाही बिचाऱ्याला. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "आज पोळा आहे. तूही थांब."

काळीज थांबलं.

मग तिचे पाय गार पडले. मग ओठ जांभळागत निळे झाले. मग डोळ्यांपुढं अंधार आला नि पोर कोसळली. आता 'चल' म्हणायला तोंडात वारा कुठला?

राणी धावत आली. तिला काही सुचेना. तिनं लेकीला उचललं नि छातीशी घट्ट आवळून धरलं. राणीचं काळीज भीतीनं धडधडत होतं. ते गोजराच्या काळजानं ऐकलं. पोटात असताना नऊ महिने हाच आवाज त्याच्या सोबतीला होता. आईपुढं कसला वर नि कसलं काय. त्यानं एकदा अंग आवळलं. धक. मग पुन्हा, धक-धक. ओठ लाल झाले, पाय ऊन झाले.

गोजरा डोळे उघडून रडूच लागली. म्हणाली, "मग तुझा पोळा कधी रे?"

काळीज म्हणालं, "अगं वेडे, एक ठोका झाला की मी अंग सैल सोडून पडायचं. तेवढ्यात खोल्या भरतात, मग पुढचा ठोका. दोन ठोक्यांच्या मधे माझा पोळाच असतो. तू निजलीस की ठोके सावकाश पडतात, मग माझी विश्रांतीही लांबते."

त्या दिवसापासून गोजराला 'नीज गं' असं कधी म्हणावं लागलं नाही. जेवली की आपणहून अंथरुणावर. अशी ती पिकल्या केसांची म्हातारी होईपर्यंत सुखानं जगली, नि तिचं काळीजही.

तुमच्याही आत कुणी दिवसभर राबलंय, बरं का. मिटा डोळे. पडू द्या त्याला जरा.