आळीनं राजाला खरं सांगितलं

एका राज्यात राजाच्या मालकीची शंभर घरं होती आणि त्यांत परीट, कुंभार, सुतार पिढ्यान्‌पिढ्या राहत. त्या आळीच्या जागेवर कालकेतू जादूगाराचा डोळा होता. राजानं जागा द्यायला नकार दिला, तसा त्यानं शाप दिला. "राजा, या घरांचं पुढं काय करावं, हे राहणाऱ्यांना विचार. तीनदा विचारता येईल. खोटं उत्तर आलं की घरं खचतील. तिसऱ्यांदाही खोटंच आलं, तर आळी गडप आणि जागा माझी!"

पहिल्यांदा प्रधानजी हत्तीवरून आले. "घरांविषयी काही म्हणणं?" आता हत्तीवरच्या माणसाला कोण गाऱ्हाणं सांगणार हो? सगळे हात जोडून म्हणाले, "आपली कृपा आहे." घरं उंबऱ्यापर्यंत खचली. दुसऱ्यांदा राजाचा बोलका राघू दारोदार फिरला. हा मेला चहाड्या करणार, म्हणून लोकांनी त्यालाही तेच सांगितलं. घरं खिडकीपर्यंत गेली.

सगुणा परटिणीची सून दिवस भरलेली, आणि दार तर मातीत गेलेलं. त्या एवढ्याशा खिडकीतून तिला बाहेर काढणार कसं? सगुणा कशीबशी खिडकीतून बाहेर पडली आणि थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, स्वतः या. आणि खाली बसा."

राजा आला. मुकुट बाहेर ठेवून खिडकीतून आत उतरला, घोंगडीवर बसला. "सगुणाबाई, या घरांचं पुढं काय करू?"

"आपली कृ..." सवयीनं तिच्या तोंडून निघालं. भिंत करकरली, सून कण्हली. तशी सगुणा भडकलीच.

"कृपा कसली डोंबलाची! वासे किडलेत, छप्पर गळतंय, विहीर कोसभर लांब. पण पाडू नका! दुरुस्त करा, आणि आमच्या नातवंडांना इथून कुणी उठवणार नाही असा शब्द द्या!"

घर सरसर वर आलं. सगुणेला रडूच फुटलं. "खरं बोला गं बायांनो!" ती खिडकीतून ओरडली.

मग काय विचारता! राजा घरोघर बसला. कुणाला माडी हवी, कुणाला नको, धोंडू कुंभाराला तर नदीकाठी जायचं होतं. भांडणं झाली, राजालाही चार शब्द ऐकावे लागले. पण सगळं खरं होतं. शंभरावं घर वर आलं, शाप उलटला आणि कालकेतूची राख झाली.

राजानं ताम्रपट दिला. राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय आळीतली वीटही हलणार नाही.

बाराव्या दिवशी सून बाळाला घेऊन ताठ मानेनं दारातून बाहेर आली. वाटेत राजा उभा होता.

"सरका जरा, महाराज," सगुणा म्हणाली. राजा सरकला.