मुकुटातला दुधाचा दात

एका राज्यात, जिथले डोंगर उन्हाळ्यात सावलीला सरकून बसत, अरिंजय नावाचा राजा होता. शूर होता, आणि मिजासही तेवढीच. त्याची एकुलती लेक मृणालवती. तिचा पुढचा दुधाचा दात पडला, तेव्हा दाईनं तो शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायला घेतला. त्या राज्याची रीतच तशी. जुना दात उंदरांच्या राजाला द्यायचा, नवा त्याच्याकडून मागायचा.

राजानं दाईला अडवलं. "राजकन्येचा दात उंदराला? सोनाराला बोलवा."

दात मुकुटात बसला. त्याच दिवशी सिंहासनाखालून उंदरांचा राजा वर आला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "माझा दात तुझ्या डोक्यावर, तर माझा पहारेकरी तुझ्या लेकीच्या हाडात." एवढं बोलून गेला.

झालं. बरोबरीच्या पोरी नव्या दातांनी ऊस सोलू लागल्या, मृणालवतीच्या तोंडात खिंडार ते खिंडारच. टाळू ठणके. पोर तोंडाशी ओढणी धरून बोले, पुढं बोलेनाशीच झाली. दरबारचे वैद्य लेप लावीत आणि वाट पाहू म्हणत. वाट पाहायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?

शेवटी राजा शाल्मली जोगिणीकडे गेला. ती कापून बरं करी, आणि कुणालाही मुजरा करीत नसे.

"खऱ्या दाताची वाट अडलीय," ती म्हणाली. "आणखी थांबलास तर तो आतल्या आत आडवा होईल, मग कधीच यायचा नाही. अडवणारा काढावा लागेल. तीन कामं तुझी."

"सांग."

"नागाच्या बिळातली मुळी आण, तिनं टाळू बधिर होते. हाडापलीकडचं पाहणारा पिंगळा आण. तिसरं मग सांगते."

नाग फण्यावर दिवा ठेवून बसला होता. राजा त्याच्याशी झुंजला, नाग दमला, मुळी मिळाली. पिंगळा जळत्या झाडावर राहत असे. तो म्हणाला, "येतो. पण खांद्यावर बसून वाटभर तुझे दोष सांगेन." राजानं ऐकून घेतले. वाट लांब होती, तरी संपली आणि दोष उरले.

पिंगळ्यानं मृणालवतीच्या तोंडात डोकावलं. "एक जास्तीचा दात. खुंटीसारखा, उलटा, टोक नाकाकडे. त्याच्यामागं खरा खोळंबलाय."

शाल्मलीनं पातं उन्हात धरलं. "आता तिसरं काम. लेकीचा हात धर, आणि डोळे मिटायचे नाहीत. तू मिटलेस की ती घाबरेल. ती हलली की पातं खऱ्या दाताला लागेल."

नागाशी झुंजलेला राजा पांढराफटक पडला. "माझा सेनापती धरेल."

"लेक सेनापतीची आहे का?"

राजा खाली बसला. मृणालवतीनं ओढणीआडून विचारलं, "आबासाहेब, दुखेल?"

नाही म्हणणं त्याच्या ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "कापताना नाही. नंतर दुखेल. मी इथंच आहे."

मुळीनं टाळू बधिर झाली. केळीचं सोपट उलगडावं तशी शाल्मलीनं ती उलगडली, हाड जरासं तासलं. आतून दात बोलला, "मी पहाऱ्यावर आहे."

"पहारा उठला," शाल्मली म्हणाली, आणि त्याला उपसून काढलं. मग रेशमानं टाके घातले. राजाचा घाम लेकीच्या हातावर टपटपत होता, पण डोळे उघडे होते. म्हणून तिचेही उघडे होते, आणि ती तसूभर हलली नाही.

राजानं मुकुटातला दात नखानं उचकटला. चाकरांनी सोन्याच्या ताटात शेण आणलं. ताटाकडे न बघता तो गोठ्यात गेला, दोन्ही दात स्वतः गोळीत वळले आणि कौलावर फेकले. मृणालवती सुजल्या तोंडानं म्हणाली, "जुना घे, नवा दे." कौलांवरून खुडबुड खुडबुड पावलं धावली.

थंडीत खरा दात खाली उतरला, रुंद आणि सरळ. दाईनं पहिला ऊस आणला. मृणालवतीनं तो सोलला, आणि मुकुटाच्या रिकाम्या भोकात करंगळी घालून मोठ्यानं हसली. ओढणी खाली पडली होती. ते भोक राजानं कधी बुजवू दिलं नाही.

तिचा दात आला, तसे साऱ्या पोरांचे येवोत. आणि ज्यांचा काढावा लागेल, त्यांच्या बापांनी डोळे उघडे ठेवावेत.