झुमीच्या चुलीचा धूर

गोठ्यामागं भिंत. भिंतीत बीळ. बिळात झुमी. झुमी कोण? चिचुंद्री! अंगानं एवढीशी, रागानं एवढी मोठ्ठी!

झुमीनं नवी चूल मांडली. चुलीला धुराडं लावलं. धुराडं म्हणजे लांब नळी, धूर वर न्यायला. काटक्या पेटवल्या. तव्यावर भाकर टाकली.

आणि काय झालं? फुस्स! धूर वर गेलाच नाही. सगळा घरात! फुस्स फुस्स फुस्स! पोरं खोकली, खॉक खॉक. डोळे झोंबले, चुर्र चुर्र. विस्तव विझला. भाकर कच्चीच राहिली.

"आई, भूक!" पोरं रडली.

झुमीच्या मिशा ताठ झाल्या. "चिक! माझ्या पोरांची भाकर! थांबा, बघतेच एकेकाला!"

झुमी चुलीपुढं उभी राहिली.

"चूलबाई चूलबाई, धूर वर सोड!
भाकर भाजेना,
भूक भागेना!"

चूल म्हणाली, "मी नाही जा! धुराडं ओढील, मग मी सोडीन."

"चिक!" झुमी निघाली. पहिल्या पोरानं आईची शेपटी तोंडात धरली. दुसऱ्यानं पहिल्याची. तिसऱ्यानं दुसऱ्याची. झाली आगगाडी! तुरुतुरु तुरुतुरु, धुराड्याकडं.

"धुराडेदादा धुराडेदादा, धूर ओढ!
चूल सोडीना,
भाकर भाजेना,
भूक भागेना!"

धुराडं म्हणालं, "मी नाही जा! माझ्या नि चुलीच्या मधे ही फट. फटीतून वारा शिरतो, माझा दमच निघतो. माती फट बुजवील, मग मी ओढीन."

"चिक चिक!" तुरुतुरु तुरुतुरु, हौदाकाठी, मातीकडं.

"मातीमावशी मातीमावशी, फट बुजव!
धुराडं ओढीना,
चूल सोडीना,
भाकर भाजेना,
भूक भागेना!"

माती म्हणाली, "मी नाही जा! माझ्या अंगात ढेकळंच ढेकळं. चिकटू कशी? रेडा तुडवील, मग मी बुजवीन."

"चिक चिक चिक!" तुरुतुरु तुरुतुरु, रेड्याकडं. रेडा बसला होता मजेत, रवंथ करत.

"रेडेमामा रेडेमामा, माती तुडव!
माती बुजवीना,
धुराडं ओढीना,
चूल सोडीना,
भाकर भाजेना,
भूक भागेना!"

रेड्यानं एकच डोळा उघडला. "हंऽऽऽ. मी नाही जा! पाठीला गोचीड चावतात. साळुंकी गोचीड टिपील, मग मी तुडवीन."

"एवढं धूड, नि किड्याला रडतोस!" झुमी म्हणाली. तुरुतुरु तुरुतुरु, कुंपणावरच्या साळुंकीकडं.

"साळूताई साळूताई, गोचीड टिप!
रेडा तुडवीना,
माती बुजवीना,
धुराडं ओढीना,
चूल सोडीना,
भाकर भाजेना,
भूक भागेना!"

साळूनं मान वाकडी केली. "मी नाही जा! आधी गरम भाकरीचा चुरा दे, मग मी टिपीन."

काय? काय म्हणाली?

"अगं शहाणे!" झुमी ओरडली. "घरात भाकर असती, तर तुझ्या दारात आले असते का?"

"ते तुझं तू बघ," साळू म्हणाली. आणि चक्क डोळे मिटून बसली.

आता पोरं रडायलाही दमली. शेवटच्या पोराच्या तोंडातून शेपटी सुटली. ते मटकन खाली बसलं.

झुमीनं ते बघितलं. आणि मग! मग झुमी अशी रागावली, अशी रागावली, की तिच्या अंगाला वास सुटला. चिचुंद्री रागावली की वास सुटतोच. भस्स!

शीऽऽऽ! साळूनं चोच पंखात खुपसली. "ई ई ई! पुरे गं बाई! टिपते, टिपते!"

"चिक! आत्ताच्या आत्ता!"

साळू गोचीड टिपू लागली, टक टक टक.
रेडा माती तुडवू लागला, पचक पचक पचक.
माती फट बुजवू लागली, चप चप चप.
झुमी काटक्या पुन्हा पेटवू लागली, फू फू फू.
धुराडं धूर ओढू लागलं...

नाही! ओढीना!

"आता काय रे तुझं?" झुमीनं पाय आपटला.

"गारठलोय गं," धुराडं म्हणालं. "गार नळीत धूर चढत नाही. थोडी ऊब दे."

"मग आधी बोलायला काय झालं होतं!"

झुमीनं मूठभर वाळकं गवत पेटवलं. नळीच्या तोंडाशी धरलं. भुर्र! नळी तापली. हुऽऽऽश!

धुराडं धूर ओढू लागलं.
चूल धूर सोडू लागली.
धूर निघाला वर, वर, थेट आभाळात!
भाकर भाजली. टम्म फुगली.

खमंग वास सुटला. झालं! सगळ्यांना जाग आली.

"गोचीड मी टिपले! आधी मला!" साळू म्हणाली.
"माती मी तुडवली! आधी मला!" रेडा म्हणाला.
"फट मी बुजवली! आधी मला!" माती म्हणाली.
"धूर मी ओढला! आधी मला!" धुराडं म्हणालं.
"धूर मी सोडला! आधी मला!" चूल म्हणाली.

झुमीनं उलथनं आपटलं. खण्ण!

"कामाला सगळे म्हणालात, आधी तो, आधी ती! खायला म्हणता, आधी मी, आधी मी! गप बसा! आधी माझी पोरं!"

 

पोरांनी भाकर खाल्ली. कुडुम कुडुम, मट्ट मट्ट. शेवटच्या पोरानं आणखी मागितली. त्याला आणखी दिली. मग उरला चुरा. तो झुमीनं सगळ्यांना वाटला, पण कपाळाची आठी काही मोडली नाही हं!

भाकर भाजली, भूक भागली.
धूर गेला आभाळात, पोरं निजली बिळात.