मिस्त्रीची आवडती मोटार

"तुमच्या अमेरिकन मोटारी विका, माझ्यासारख्या युरोपियन घ्या!" इंग्रज सरकारच्या एजंट साहेबानं सोनवडी संस्थानच्या राजेसाहेबांना दटावलं. बिचाऱ्यांनी नव्या मोटारींच्या मागणीपत्रावर सहीसाठी पेन उघडलं. साहेबाचं तेवढ्यानं भागेना. गावात गॅरेज एकच, बाबालाल मिस्त्रीचं. त्याला भर दरबारात उभा करून साहेब गरजला, "बोल, तुला कुठली मोटार आवडते?"

साहेब दुखावला तर तुरुंग, राजेसाहेब दुखावले तर गॅरेजला कुलूप.

"साहेबांची," बाबालाल म्हणाला.

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. साहेब खुलला. "का, तेही सांग!"

"सरकार, तुमच्या मोटारी माझ्याकडे दसऱ्याला हार घालून घ्यायला तेवढ्या येतात. साहेबांच्या मोटारीनं माझ्या दोन पोरींची लग्नं लावली. आता तिसरीचं बघतेय."

राजेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.