कढईबाईंचा मान

भांडी जेव्हा स्वतःच डिशवॉशरमध्ये जाऊन बसत, तेव्हाची ही गोष्ट. एका घरात थोरली कढई सर्वांआधी आत शिरे आणि खालच्या जाळीत मधोमध उताणी बसे. भांड्यांनी पालथं बसायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. "पण मी या घरात कुणापुढे पालथी झालेली नाही," ती म्हणे.

खालून उडणारं पाणी तिच्या बुडावर आपटून परत जाई. वरच्या जाळीत, नेमकी तिच्या डोक्यावर, रुखवतातून आलेली नवी वाटी बसे. तिच्यापर्यंत थेंबही पोचत नसे आणि ती वरणासकट बाहेर येई.

"माहेरचं वळण, दुसरं काय," कढई म्हणे. तिच्या स्वतःच्या पोटात गढूळ पाणी साचलेलं असे, पण डाव आणि झारा मान डोलावत.

एकदा कढईने बजावलं, "उद्या अशीच निघालीस तर माळ्यावर टाकीन."

वाटी हळूच म्हणाली, "चुकतं माझंच, आत्याबाई. पण तुम्ही आमच्या गर्दीत बसता, ते बघवत नाही. तुम्हाला खरं तर वेगळं, हातानं घासायला हवं. तारेच्या घासणीनं."

"इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नाही," डाव-झाऱ्याकडे रोखून बघत कढई म्हणाली.

तेव्हापासून ते दोघे रोज तिला सिंकमध्ये खसाखसा घासतात. वाटी आरशासारखी लख्ख निघते.

"बघ," कढई कण्हत सांगते, "माझ्या धाकानं वळण लागलं तुला."

"हो, आत्याबाई," वाटी म्हणते, पालथ्या पालथ्याच.