गच्चीवरचे पाच कॉक

"खळदकरवहिनींना पाच देशांच्या साहेबांनी बोलावलंय! म्हणे त्यांनी जुगार..." एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. मग मजल्यामजल्यावर ज्याने त्याने आपलं शेपूट जोडलं.

झालं होतं असं. वहिनींचे यजमान दिवसभर मोबाइलवर जुगार खेळत. ताटातली आमटी गार झाली तरी मान वर नाही. वहिनींनी तक्रारींचा सपाटा लावला, तेव्हा कुठे पाच देशांच्या जुगार-नियंत्रकांनी पुण्यातल्या बैठकीत त्यांना पाच मिनिटं दिली.

अध्यक्ष ऐटीत म्हणाले, "बाई, एका देशात खेळ बंद केला की तो दुसऱ्या देशातून सुरू होतो. आधी मूळ कुठे आहे ते सिद्ध करा, मग या."

वहिनींचं डोकंच फिरलं. "साहेब, आमच्या छतातून पाणी गळलं की वरचे पाचही जण म्हणतात, आमचं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी पुरावे मागत नाही. गच्चीवर जाऊन पाचही घरांचे पाण्याचे कॉक एकदम बंद करतो. गळती तिथंच थांबते. मग एकेक उघडतो. ज्याचा उघडल्यावर थेंब पडला, गळती त्याच्या घरची. हे आमच्या सेक्रेटरीला जमतं, आणि तो नववी नापास आहे!"

दुभाष्याने सांगितलं तसे बाकीचे चौघे साहेब हसले. अध्यक्षांनी पेन उघडलं.

वहिनींनी पाच देशांतला जुगार बंद पाडला, असं इमारत अजून सांगते. बंद पडला तो एकच, यजमानांचा खेळ. पण पाचही देशांत, एकाच सोमवारी.

त्या सोमवारी यजमानांनी मान वर केली. "अगं, भिंतींना रंग कधी दिला?"

"मागच्या दिवाळीत," म्हणत वहिनींनी आमटी पुन्हा गरम करायला ठेवली.