काचेत न मावलेलं चित्र

चित्रांनी भिंतीवर राहायचं आणि मूर्तींनी जमिनीवर, असा दंडक होता तेव्हाची गोष्ट. एका चित्राचा निळा रंग वीतभर फुगून बाहेर आला होता.

प्रदर्शनाच्या सकाळी चौकट काच घेऊन आली. "पोट आत घे! सपाट झालंस तरच भिंत मिळेल." काच छातीवर दाबू लागली, तशी निळ्या रंगाला भेग पडू लागली.

"नाही होणार मी सपाट!" चित्र जीव एकवटून ओरडलं. काच तडकली.

"मग बस धुळीत!" म्हणत चौकट निघून गेली.

जमिनीवर, भिंतीला टेकून उरलेल्या चित्राचा धीर सुटला. त्यानं शेजारच्या दगडी मूर्तीला विचारलं, "मावशी, काचेशिवाय धूळ फार बसते का गं?"

"बसते की," मूर्ती म्हणाली, "पण वाराही लागतो."